सत्तेविना सभासदत्व : खेळाडूंनी निवडून दिलेल्या मंडळांचा आढावा

बीड जिल्ह्यातील माणसाला निवडणूक शिकवावी लागत नाही. ग्रामपंचायत, सेवा सोसायटी, बाजार समिती, साखर कारखान्याचे संचालक मंडळ, जिल्हा परिषद, विधानसभा आणि लोकसभा अशी एकामागून एक मतदाने पाहत वाढलेला येथला तरुण विशी ओलांडेपर्यंत पॅनेल कसे उभे राहते, भावकीची मते कशी बांधली जातात आणि अर्ज माघारी घेण्याच्या दिवशी तहसील कचेरीच्या आवारात कोणकोणत्या मसलती चालतात, हे सर्व डोळ्यांनी पाहून चुकलेला असतो. याच जिल्ह्याने १९६७ साली सांगली जिल्ह्यातून आलेल्या क्रांतिसिंह नाना पाटलांना लोकसभेत पाठविले होते. तेव्हा उमेदवार आपल्या गावचा असला तरच आपला, हा हिशेब येथील मतदाराने प्रत्येक वेळी शेवटचा मानला आहे, असेही म्हणता येत नाही. परंतु या साऱ्या निवडणुकांना एक गोष्ट समान आहे, आणि ती म्हणजे निवडून येणाऱ्याच्या हाती काहीतरी अधिकार पडतो : ठरावाचा, निधीचा, सहीचा, निदान अडवणुकीचा. ज्या मंडळाला यांपैकी कोणताही अधिकार नाही, ज्याचे मतदार एखाद्या मुलखाचे नागरिक नसून एका खासगी कंपनीचे ग्राहक आहेत, आणि ज्याचे अस्तित्वच त्या कंपनीच्या मर्जीवर अवलंबून आहे, अशा मंडळासाठी माणसाने उभे राहावे काय, हा प्रश्न गेली तीन-चार दशके संगणकावरील सामुदायिक खेळांच्या जगात वारंवार विचारला गेला आहे. त्याचा समग्र आढावा घेण्याचे कारण असे की, ज्या खेळांत आज अंबाजोगाईच्या वसतिगृहांपासून आष्टी-पाटोद्याच्या वस्त्यांपर्यंत हजारो मुलांच्या रात्री जातात, त्या खेळांच्या कारभारात या मुलांचा आवाज कोठेच नाही. आणि तो असावा, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न नवा दिसतो, पण मराठी माणसाच्या सार्वजनिक जीवनाला तो चांगला परिचयाचा आहे. गोपाळ कृष्ण गोखले १९०२ पासून मध्यवर्ती कायदेमंडळात अर्थसंकल्पावर भाषणे करीत, तेव्हा १८९२ च्या कायद्याने सभासदांना अर्थसंकल्पावर चर्चा करण्याची मुभा दिलेली होती, मतदानाची नव्हती. मिठावरील कर, लष्करी खर्च, शिल्लक पडणाऱ्या महसुलाचा विनियोग यांवर आकडेवारीनिशी केलेल्या त्या विवेचनाचे मोल हाती मत नसताना काय असावे? तरीही सरकारी बाकांवरील अधिकाऱ्यांना ती भाषणे अभ्यासून उत्तरे द्यावी लागत, आणि वर्तमानपत्रांतून ती देशभर वाचली जात. पुढे १९१९ च्या सुधारणा आल्या तेव्हा लोकमान्य टिळकांनी प्रतियोगी सहकारितेचे सूत्र मांडले : सरकार जितके देईल तितके घ्यावे, उरलेल्यासाठी झगडावे, आणि सरकार ज्या प्रमाणात सहकार्य करील त्याच प्रमाणात आपणही करावे. १९२३ च्या आरंभी स्वराज्य पक्ष निघाला तो कौन्सिलांत शिरून आतून अडवणूक करण्याच्या इराद्याने. आणि त्यातून पुढे नरसिंह चिंतामण केळकर, मुकुंदराव जयकर, डॉक्टर मुंजे यांनी प्रतियोगी सहकारितेचा स्वतंत्र गट उभा केला. पोकळ कौन्सिलात जावे की न जावे, गेल्यावर बोलावे की अडवावे, आणि बाहेर कधी पडावे, या तिन्ही प्रश्नांची त्या पिढीने जितकी उलटसुलट छाननी केली तितकी क्वचितच कोठे झाली असेल.

मराठवाड्याचा अनुभव याहूनही जवळचा आहे, कारण बीड १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत निजामाच्या अंमलाखाली होते. १९३९ साली हैदराबाद दरबाराने ज्या घटनात्मक सुधारणा जाहीर केल्या, त्यांचे मूळ गृहीत असे होते की सार्वभौम सत्ता राज्यकर्त्याकडेच राहील, रयतेच्या गरजा मात्र तिच्या प्रतिनिधींकडून जाणून घेतल्या जातील. प्रतिनिधित्वही प्रदेशावर आधारलेले नव्हते. ते हितसंबंधांवर, म्हणजे शेतकरी, जागीरदार, व्यापारी, वकील अशा व्यवसायगटांवर आधारले होते. स्टेट काँग्रेसने ही योजना स्वीकारली नाही, आणि तिच्यानुसार झालेल्या निवडणुकांवर शेवटी बहिष्कार घातला. त्या चळवळीचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हे काही काळ अंबाजोगाईच्या, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादच्या, योगेश्वरी विद्यालयात शिक्षक होते, याचे स्मरण या जिल्ह्याला आजही आहे. त्यांचा निर्णय योग्यच होता, असे माझे मत आहे. पण तो राज्याविषयीचा निर्णय होता. राज्यातून रयतेला उठून जाता येत नाही, म्हणून तेथे सार्वभौमत्वाचा प्रश्न आधी सोडवावा लागतो. खेळातून खेळाडूला उठून जाता येते. हा भेद ध्यानी ठेवूनच पुढील इतिहास पाहिला पाहिजे.

लुकासफिल्म या कंपनीने १९८६ च्या सुमारास ‘हॅबिटॅट’ नावाचे एक चित्रमय नगर कमोडोर संगणकावर वसविले, आणि दूरध्वनीच्या तारेने जोडलेले लोक त्यात वावरू लागले. चोऱ्या आणि खून सुरू झाले, तेव्हा रहिवाशांत मोठा वाद माजला. एका पक्षाचे म्हणणे असे की हा खेळच आहे, येथे लूटमार चालावयाचीच. दुसऱ्याचे म्हणणे असे की येथे आम्ही राहतो, आणि राहत्या जागी कायदा हवा. अखेर मतदान होऊन एक शेरीफ निवडला गेला. त्याच्या अधिकाराची मर्यादा निश्चित होण्यापूर्वीच मात्र तो प्रायोगिक टप्पा संपला. पद आधी, अधिकार नंतर, ही या क्षेत्रातील पहिली घडामोड पुढच्या सगळ्या प्रयोगांची नांदी ठरली.

याहून गंभीर प्रयोग ‘लॅम्डामू’ या केवळ शब्दांनी बांधलेल्या जगात झाला. कॅलिफोर्नियातील झेरॉक्सच्या संशोधनकेंद्रात काम करणारे पावेल कर्टिस यांनी ते १९९० साली उभे केले. तेथील व्यवस्थापक, ज्यांना ‘विझर्ड’ म्हणत, भांडणे मिटवून इतके थकले की १९९२ च्या डिसेंबरात कर्टिस यांनी जाहीर केले की यापुढे विझर्ड केवळ यंत्रणा सांभाळतील, समाजाचे निर्णय समाजाने घ्यावेत. पुढच्याच वर्षी एका वापरकर्त्याने इतरांच्या पात्रांवर शब्दांच्या द्वारे लैंगिक अत्याचार केला, आणि त्याला शिक्षा कोणी द्यावयाची हे कोणालाच ठरविता येईना; शेवटी एका विझर्डने स्वतःच्या निर्णयाने त्याचे नाव खोडून टाकले. ज्युलियन डिबेल यांच्या लेखामुळे हे प्रकरण जगभर गाजले. त्यानंतर अर्ज आणि मतपत्रिका यांची रीतसर पद्धत आली : पुरेशा सह्या जमल्या, विझर्डांनी अंमलबजावणी शक्य असल्याचा दाखला दिला, आणि विरोधापेक्षा दुप्पट मते पडली की अर्ज कायदा होई. साठवणुकीची जागा कोणाला किती द्यावी हे ठरविण्यासाठी एक निवडलेले मंडळही नेमले गेले. जमिनीच्या वाटपाइतकेच ते नाजूक काम होते, कारण त्या जगात जागा म्हणजेच घर, अंगण आणि निर्मिती. परंतु १९९६ च्या मे महिन्यात विझर्डांनी दुसरे फर्मान काढले. यंत्रणा आणि समाज यांना वेगळे करता येते हा आमचा समज चुकीचा होता, यंत्र चालविणारा माणूस निर्णयापासून अलिप्त राहूच शकत नाही, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले आणि अधिकार परत घेतला. ज्याच्या हाती सर्व्हरची कळ, अंतिम सत्ता त्याचीच, हे सत्य त्या दिवशी उघड झाले, आणि ते पुढे कोणीही खोटे पाडू शकलेले नाही. २००३ साली निघालेल्या ‘अ टेल इन द डेझर्ट’ या प्राचीन इजिप्तवरील खेळात खेळाडूंना कायदे सुचविण्याचा आणि काही निवडलेल्या खेळाडूंना इतरांना कायमचे हद्दपार करण्याचाही हक्क होता. पण तो खेळ लहान होता आणि त्याचा निर्माता स्वतः हा प्रयोग मनापासून करू इच्छित होता. मोठ्या, पैसे कमावणाऱ्या कंपनीने असे काही करावे, याचे ठळक उदाहरण आइसलंडातून आले.

रेकयाविक येथील सीसीपी या कंपनीने ६ मे २००३ रोजी ‘ईव्ह ऑनलाइन’ हा अंतराळातील खेळ सुरू केला. बहुतेक खेळ आपल्या खेळाडूंना अनेक सर्व्हरांवर विभागतात. ईव्हमध्ये चीन वगळता जगभरचे खेळाडू एकाच विश्वात राहतात, तेथेच खाणी खणतात, जहाजे बांधतात, बाजार चालवितात, हजारोंच्या संघटना उभारतात आणि एकमेकांचा घातही करतात. त्या बाजारपेठेचा अभ्यास करण्यासाठी कंपनीने २००७ साली एक अर्थशास्त्रज्ञ नेमला, तो पुढे अकुरेरी विद्यापीठाचा कुलगुरू झाला, यावरून त्या व्यवहाराची खोली कळावी. त्याच वर्षाच्या आरंभी असे उघडकीला आले की कंपनीच्याच एका कर्मचाऱ्याने, जो खेळातील एका बलाढ्य संघटनेचा सभासदही होता, आपल्या संघटनेला दुर्मीळ उत्पादनहक्क अवैधपणे मिळवून दिले होते. खेळाडूंचा संताप अनावर झाला. कंपनीने अंतर्गत चौकशीचे खाते उघडले, आणि त्याबरोबरच असे ठरविले की खेळाडूंनी आपले प्रतिनिधी निवडावेत, त्यांनी आइसलंडात येऊन कंपनीच्या लोकांसमोर बसावे, प्रश्न विचारावेत आणि परत जाऊन सांगावे. हीच ‘कौन्सिल ऑफ स्टेलर मॅनेजमेंट’. २००८ च्या मे महिन्यात पहिले नऊ सभासद निवडून आले आणि जूनमध्ये रेकयाविकला त्यांची पहिली बैठक भरली. आरंभी मुदत सहा महिन्यांची होती, ती पुढे वर्षाची झाली. प्रवास आणि निवासाचा खर्च कंपनी करते, मानधन नाही. सभासदाला गोपनीयतेच्या करारावर सही करावी लागते, म्हणजे कंपनी पुढे काय करणार आहे हे त्याला कळते, पण मतदारांना सांगता येत नाही.

उमेदवारी म्हणजे काय, हे आता थोडे तपशिलाने पाहू. अर्जदाराला आपले खरे नाव, वय आणि प्रवासासाठी वैध पारपत्र कंपनीकडे नोंदवावे लागते. टोपणनावाने हवे तितके जगता येईल, पण टोपणनावाने विमानात बसता येत नाही. त्यानंतर जाहीरनामा. एक उमेदवार खाणकामगारांची कैफियत मांडतो, दुसरा नवख्यांची, तिसरा वर्महोल नावाच्या अंतराळ-प्रदेशात राहणाऱ्यांची, चौथा चाच्यांची. हैदराबादच्या १९३९ च्या योजनेत जे व्यवसायगटांचे प्रतिनिधित्व वरून लादलेले होते, ते येथे मतदारांनी आपल्या आपण घडविले आहे, आणि ही गोष्ट मला विचार करण्यासारखी वाटते : प्रदेश नसलेल्या समाजात माणसाचा मतदारसंघ त्याच्या कामातूनच तयार होतो. परंतु निवडणूक जिंकतात ते बहुधा मोठ्या संघटनांचे उमेदवार. संघटनेचे नेते नावांची क्रमवार यादी काढतात आणि हजारो सभासद ती जशीच्या तशी उतरवितात. बीडच्या सोसायटीच्या निवडणुकीतल्या पॅनेलला हे चित्र अनोळखी वाटणार नाही. विखुरलेल्या, एकट्याने खेळणाऱ्या, सुरक्षित प्रदेशात राहणाऱ्या बहुसंख्यांना मात्र प्रतिनिधी मिळत नाही, कारण ते मतच देत नाहीत. २०१२ साली पडलेली जवळपास ५९,००० मते हा त्या काळचा उच्चांक होता, आणि तीही पात्र खात्यांच्या सहाव्या हिश्शाच्या आसपासच होती. शिवाय मत माणसाला नसून खात्याला आहे. ज्याची पाच खाती त्याची पाच मते.

या दोषावर उपाय म्हणून २०१३ साली एकल संक्रमणीय मतपद्धतीचा एक प्रकार स्वीकारला गेला. आपल्याकडे औरंगाबाद विभाग पदवीधर मतदारसंघात मत दिलेल्यांना पसंतीक्रम म्हणजे काय हे सांगावे लागणार नाही. पहिल्या पसंतीचा उमेदवार बाद झाला की मत पुढच्याकडे सरकते. वाया जाणारी मते यामुळे कमी झाली, लहान गटांना एकमेकांच्या आधाराने एखादी जागा मिळण्याची वाट झाली. पण शिस्तबद्ध संघटनांनी ही पद्धतही लवकरच आत्मसात केली, कारण यादी पाळणाऱ्या मतदारांना क्रमाचा लाभ न पाळणाऱ्यांपेक्षा नेहमीच अधिक होतो. पद्धत बदलून आळस बदलत नाही, हा निष्कर्ष त्यातून निघतो आणि तो ईव्हपुरता मर्यादित नाही.

मंडळाची खरी परीक्षा २०११ च्या उन्हाळ्यात झाली. कंपनीने खेळात शोभेच्या वस्तू खऱ्या पैशांत विकण्यास काढल्या, त्यांत डोळ्यावर लावण्याच्या एका भिंगाची किंमत साठ डॉलरांहून अधिक होती. त्याच सुमारास कंपनीचे एक अंतर्गत पत्रक बाहेर फुटले, ज्यात लोभ हा गुण आहे काय याची चर्चा होती आणि पुढे लढाईत उपयोगी पडणाऱ्या वस्तूही विकाव्यात असा विचार सूचित होता. पाठोपाठ मुख्य अधिकाऱ्याचे एक पत्र फुटले, त्यात खेळाडू काय बोलतात यापेक्षा काय करतात याकडे लक्ष द्यावे असे म्हटले होते. खेळाडूंनी ते शब्दशः घेतले. खेळातील सर्वांत मोठ्या बाजारपेठेबाहेरील स्मारकावर शेकडो जहाजांनी तोफा डागल्या आणि अनेकांनी वर्गणी बंद केली. कंपनीने मंडळाला तातडीने रेकयाविकला बोलाविले. जूनच्या अखेरीस झालेल्या त्या बैठकीतून संयुक्त निवेदन निघाले, त्यात लढाईतील वरचढपणा विकण्याचा बेत नसल्याची ग्वाही देण्यात आली. ऑक्टोबरात मुख्य अधिकाऱ्याने जाहीर माफी मागितली, त्याच महिन्यात सुमारे वीस टक्के कर्मचाऱ्यांना कामावरून काढण्यात आले, आणि कंपनीने आपले लक्ष पुन्हा मूळ खेळाकडे, म्हणजे जहाजांकडे वळविले.

हा विजय मंडळाचा की वर्गणी बंद करणाऱ्यांचा, याविषयी मतभेद आहेत. मला असे वाटते की संताप रस्त्यावर होता आणि त्याला वाक्यरचना मंडळाने दिली. स्मारकावर गोळ्या झाडणाऱ्या जमावाला कंपनीशी करार करता येत नाही. त्यासाठी कोणीतरी टेबलाशी बसावे लागते, आणि ते कोणीतरी आधीपासून निवडलेले, ओळखीचे, आकडे जाणणारे असावे लागते. उलट, मागे वर्गणी बंद करणारे लोक नसते तर त्या टेबलाशी बसलेल्यांचे कोणी ऐकलेही नसते. गोखल्यांची भाषणे आणि टिळकांची चळवळ परस्परविरोधी मानण्याची सवय आपल्याला लागली आहे. ईव्हच्या त्या उन्हाळ्यात दोन्ही एकमेकांना पूरक ठरल्या.

पण मंडळाचा इतिहास असा एकसारखा गौरवाचा नाही. २०१२ च्या वार्षिक मेळाव्यात मंडळाच्या तेव्हाच्या अध्यक्षाने, जो नुकताच दहा हजारांहून अधिक मतांनी पुन्हा निवडून आला होता, खचलेल्या मनःस्थितीत असलेल्या एका खेळाडूला सर्वांनी त्रास द्यावा अशा अर्थाचे उद्गार व्यासपीठावरून काढले. त्याने क्षमा मागितली आणि अध्यक्षपद सोडले. कंपनीने त्याला तीस दिवस खेळाबाहेर ठेवले आणि मिळालेली जागाही त्याला गमवावी लागली. मतांचा डोंगर पाठीशी असलेला प्रतिनिधी सभ्यतेच्या एका उल्लंघनाने खाली येतो, हे योग्यच झाले. २०१९ मध्ये याच्या उलट घडले. एका निर्वाचित सभासदाने गोपनीय माहिती फोडल्याचा आरोप ठेवून कंपनीने त्याला जाहीरपणे काढून टाकले आणि त्याची खाती बंद केली. काही आठवड्यांनी फेरतपासणीत आरोप निराधार ठरला, आणि कंपनीला त्याची माफी मागावी लागली. तो सभासद पुढे पुन्हा निवडूनही आला. प्रश्न एवढाच उरतो की हजारो मतदारांनी निवडलेल्या माणसाला दूर करताना त्याची बाजू आधी ऐकून घेण्याची रीत का नव्हती. ज्या कारभारात आरोप, चौकशी आणि शिक्षा एकाच दफ्तरात होतात, तेथे निवडणूक कितीही शुद्ध असली तरी सभासदाच्या पाठीशी काही उभे नसते.

याच मंडळावर शॉन स्मिथ यांनीही काम केले होते. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात माहिती अधिकारी असलेले स्मिथ ११ सप्टेंबर २०१२ रोजी बेनगाझीतील हल्ल्यात राजदूतांसह मारले गेले, तेव्हा ईव्हमधील असंख्य खेळाडूंनी, मित्रांनी आणि शत्रूंनीही, आपापली अवकाशस्थानके त्यांच्या नावाने ओळखली जावीत अशी व्यवस्था केली. खेळातील मुत्सद्दी म्हणून त्यांची कीर्ती होती. ‘शेवटी खेळच तो’ असे ज्यांना वाटते त्यांनी या घटनेचा विचार करावा.

इतर कंपन्यांनी वेगळे मार्ग धरले. ‘ओल्ड स्कूल रुनस्केप’ हा खेळ २०१३ साली खेळाडूंच्या मतदानातूनच पुनरुज्जीवित झाला, आणि त्यात नवी भर घालावयाची तर आधी कौल घेतला जातो. बराच काळ ७५ टक्के होकार आवश्यक होता, पुढे ती मर्यादा ७० वर आणली. प्रतिनिधी नाही, थेट रयतेचा कौल. यात फसवणूक कमी आणि पारदर्शकता अधिक, हे कबूल केले पाहिजे. परंतु कौलाला प्रश्न कंपनी घालते, आणि जो प्रश्न तिने घातलाच नाही त्याला होय किंवा नाही म्हणता येत नाही. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या मालकांनी २०२१ मध्ये खेळाडूंचे सल्लागार मंडळ नेमले, पण सभासद कंपनीने अर्ज पाहून निवडले. नेमणुकीचे मंडळ ज्ञानाने निवडलेल्या मंडळापेक्षा सरस असू शकते. मात्र त्यातील सभासदाने नाराजी व्यक्त केली तर मागे कोणी उभे नसते, आणि त्याला गप्प बसविणे म्हणजे कोणाचा अवमान करणे ठरत नाही.

नेमलेल्या आणि निवडलेल्या प्रतिनिधींतील हा फरक बीडला पुस्तकातून शिकावा लागत नाही. दिवाळीनंतर येथून कोयता, म्हणजे ऊसतोड मजुरांची जोडी, पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे जातो. मुकादमाची उचल, टनाचा दर आणि वाहतूक यांवर कुटुंबाचे वर्ष ठरते. तोडणीच्या दराचा तंटा साखर संघ आणि कामगार संघटना यांच्यात होतो, आणि वर्षानुवर्षे तो लवादाने मिटविला, ज्यात कामगारांच्या बाजूने गोपीनाथ मुंडे आणि कारखान्यांच्या बाजूने शरद पवार बसत असत. लवादाने दरवाढ मिळवून दिली, हे मान्य केलेच पाहिजे. पण ऊस तोडणाऱ्या बाईने त्या टेबलाशी कोण बसावे यावर कधी मत दिले नाही. म्हणून तिच्या मुक्कामाच्या कोपीचे, बाळंतपणाचे, तिच्या मुलाच्या शाळेचे प्रश्न दराइतक्या तातडीने कधी पुढे आले नाहीत. ज्याला मत नाही त्याची तक्रार टेबलावर उशिरा येते, हे कोयत्याच्या बाबतीत जितके खरे तितकेच, कितीही हलक्या प्रमाणात असले तरी, खेळाच्या बाबतीतही खरे आहे.

माजलगावच्या एखाद्या तरुणाने ईव्हच्या मंडळासाठी उभे राहावे असे मी म्हणेन काय? अडचणी स्पष्ट आहेत. प्रचार इंग्रजीत, वर्गणी परकी चलनाच्या भावाने, आणि युरोपातील खेळाडू जमतात ती वेळ आपल्याकडे मध्यरात्रीनंतरची. सर्व्हर रोज थोडा वेळ बंद होतो तोसुद्धा आपल्या दुपारी साडेचारला. भारतीय खेळाडूंची संख्या तेथे इतकी तुटपुंजी आहे की त्यांच्या बळावर जागा मिळणार नाही. नाना पाटलांना बीडने निवडले तसे त्याला परक्या मुलखातील कामकऱ्यांनी, खाणवाल्यांनी किंवा नवख्यांनी आपला मानले तरच ते शक्य आहे. तरीही उभे राहावे, असे मी म्हणेन, पण दोन अटींवर : त्या खेळातील एका तरी कामाचे ज्ञान इतरांहून सखोल असावे, आणि इतिवृत्त प्रसिद्ध होणार नसेल तर राजीनामा देण्याची तयारी असावी. गोपनीयतेचा करार ही या मंडळाची सर्वांत मोठी उणीव आहे. बोलू न शकणारा प्रतिनिधी मतदारांच्या दृष्टीने निष्क्रिय ठरतो, आणि पुढच्या वर्षी मतदार घरी बसतो. मतदान घटण्याचे मोठे कारण मला येथे दिसते. बैठकांचे वृत्तांत जेव्हा सविस्तर आणि लवकर निघाले, तेव्हा मंडळाविषयी विश्वास वाढला, आणि जेव्हा ते रेंगाळले तेव्हा तो आटला.

परंतु आपल्या मुलांचे खेळ ईव्ह नव्हेत. ती बीजीएमआय, म्हणजे पब्जी मोबाइलची भारतीय आवृत्ती, आणि फ्री फायर मॅक्स खेळतात, तेही फोनवर, फुकट, आणि मधूनमधून घरच्यांच्या खात्यातून गेलेल्या पैशांवर. सप्टेंबर २०२० मध्ये पब्जी मोबाइलवर बंदी आली, फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर गेले, जुलै २०२२ मध्ये बीजीएमआय काढले गेले आणि मे २०२३ मध्ये परतले. या प्रत्येक वेळी सरकार बोलले, कंपनी बोलली, पालक बोलले. खेळणाऱ्यांच्या वतीने अधिकाराने बोलू शकेल असा एकही माणूस नव्हता, कारण तो निवडण्याची सोयच कोठे नव्हती. खेळाडूची रँक, विकत घेतलेल्या वस्तू आणि वर्षांचे श्रम बंदीच्या काळात कोणाच्या ताब्यात राहतात, हा प्रश्नसुद्धा कोणी नीट मांडला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी कायदा केला. पैसे लावून खेळावयाच्या खेळांवर त्याने बंदी घातली, ई-क्रीडेला मान्यता दिली आणि नियमनासाठी प्राधिकरणाची तरतूद केली. पैशांच्या खेळांनी कित्येक घरे कर्जात घातली आहेत, तेव्हा त्या बंदीचे मी स्वागत करतो. खेळाडूंनी मत देऊन निवडलेल्या मंडळाची कल्पना मात्र त्या कायद्यात नाही.

ती येऊ शकते. कोट्यवधी भारतीयांकडून उत्पन्न मिळविणाऱ्या कंपनीला आपल्या खेळाडूंतून राज्यवार किंवा भाषावार दहा-बारा प्रतिनिधी पसंतीक्रमाने निवडून घेणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही, कारण मतपेटी खेळातच आहे. प्रौढांनाच उमेदवारी द्यावी, पण सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनाही मत असावे, कारण खेळाडूंचा मोठा हिस्सा तोच आहे. आणि मत खात्याला न देता माणसाला द्यावे, म्हणजे ईव्हमधील पाच खात्यांचा दोष टळेल. अशा मंडळात केजचा किंवा धारूरचा कोणी निवडून आला, तर त्याने पहिल्या बैठकीत मागावयाच्या गोष्टी मोठ्या नाहीत. खाते बंद केल्यास कारण मराठीतून कळावे आणि त्यावर अपील करता यावे. अल्पवयीन मुलाने घरच्यांच्या नकळत केलेली खरेदी ठरावीक मुदतीत परत मिळावी. गावाकडच्या मंद जाळ्यावर खेळणाऱ्यांना दूरच्या सर्व्हरवर ढकलले जाऊ नये. खेळ बंद पडल्यास विकत घेतलेल्या वस्तूंचा हिशेब द्यावा. आणि त्या बैठकीचे इतिवृत्त महिन्याच्या आत प्रसिद्ध व्हावे.